पूर्ण साक्षर टोला

परीक्षेच्या दिवशी इस्तारी लग्नातलं धोतर नेसून शाळेत आला. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती. धोतर पिवळं पडलं होतं, पण घडी मोडलेली नव्हती. डोक्याला तेल, कपाळाला गंध. व्हरांड्यात सतरंजीच्या कडेला जमलेल्या बायकांनी त्याला पाहून पदरात तोंड घातलं.

"कोणती नवरी पाहून ठेवली जी इस्तारीबा?" पारबतानं विचारलं.

"हसा बाप्पा, हसा," इस्तारी म्हणाला. "माह्या बापानं जन्मात पेपर नाई देल्ला. मी देऊन रायलो. उघड्या आंगानं देऊ का?"

मग तो माझ्या शेजारी येऊन टेकला आणि हळूच म्हणाला, की सकाळपासून डोक्यात नुसता धूर आहे, स्वतःच्या नावापलीकडे एक अक्षर आठवत नाही. मी त्याला म्हटलं, पेन्सिल हातात घेतली की आठवेल. तो म्हणाला, पेन्सिल हातात घेऊनच बसलो आहे.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो.

आम्ही ढिवर. तलावातली मासोळी आणि शिंगाडा, यावर आमच्या टोल्याची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीची, बावीस घरं जगत. तलाव सरकारचा, पण त्याचा ठेका आमच्या सोसायटीकडे असे. आमच्या बापांच्या काळात एकदा पांढऱ्या कपड्यातला एक माणूस टोल्यात आला, त्यानं पोरांना जिलेबी वाटली आणि मोठ्यांचे अंगठे घेतले. सरकार जाळी देणार आहे, असं त्यानं सांगितलं होतं. कागदावर लिहिलं होतं, की तलाव त्याला दिला. अकरा वर्षं आमच्या माणसांनी आपल्याच तलावात त्याच्या रोजीनं जाळं ओढलं. त्या कागदावर पहिला अंगठा पारबताच्या सासऱ्याचा होता. म्हातारा मरेपर्यंत चारचौघांत उजवा हात धोतराच्या सोग्यात घालून बसायचा.

पुढे एका भल्या अधिकाऱ्यानं तलाव आम्हाला परत मिळवून दिला आणि एक नियमही घालून दिला. सोसायटीच्या कागदावर अंगठे घ्यायचे असतील तर तालुक्याच्या माणसानं समोर बसून तो कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, आमच्या बोलीत समजावून सांगायचा, आणि खाली तसं लिहून द्यायचं. त्या नियमावर आमचा तलाव टिकून होता.

म्हणून साक्षरतेचा वर्ग टोल्यात आला तेव्हा कोणी तोंड वाकडं केलं नाही. सकाळी जाळं, दुपारी तीनपासून शाळेच्या व्हरांड्यात वर्ग. प्रत्येक घरातलं एक, सोसायटीत ज्याचं नाव आहे ते माणूस, असे बावीस जण बसत. बायकांत एकटी पारबता सभासद होती, नवरा गेल्यावर त्याच्या जागी आलेली; बाकीच्या बायका काठाला बसून ऐकत. शिकवायला शिवणकर गुरुजी, वय बावीस-तेवीस, मिशी अजून धड न आलेली. पहिल्याच दिवशी इस्तारीनं त्यांना विचारलं, तुमचा बाप कुठं आहे, तो शिकवायला येणार आहे ना? गुरुजी हसले. म्हणून आम्ही त्यांचं ऐकायला लागलो.

मला अक्षरं लवकर आली. का आली ते मला सांगता येणार नाही. बाकीचे 'क' आणि 'फ' यांच्यात अडकले होते तेव्हा मी बसच्या पाट्या वाचत होतो. गुरुजींनी मला वर्गाचा प्रमुख केलं, आणि त्याच हंगामात सोसायटीनं अध्यक्ष केलं. मी ते काम मनापासून केलं हे मला सांगितलं पाहिजे. अडीच वाजता मी घराघरांतून फिरे. कोणी तापानं पडलं असेल तर त्याच्या अंगणात बसून त्या दिवसाचा धडा देई. पारबता जाळं विणताना मी बाजूला बसून अक्षरं म्हणून घेई. तिला उशीर लागे. एकेका अक्षरावर बोट ठेवून ती थांबे, ओठ हलवी, मग पुढे जाई. पण एकदा गेली की मागे येत नसे.

सह्या करायला सगळे पहिल्या पंधरवड्यातच शिकले होते. तेव्हा मी एक गोष्ट ठरवून दिली आणि सगळ्यांनी ती मान्य केली. सही येते म्हणून सही करायची नाही. बावीसच्या बावीस जण कागद वाचायला लागतील त्या दिवशी सगळ्यांनी मिळून अंगठा सोडायचा. तोवर अंगठाच. गुरुजी म्हणाले, डोमाजी, हे मला सुचलं नसतं.

परीक्षा श्रावणात आली. आमचं तेव्हा दुसरं पुस्तक निम्म्यावर होतं. पुस्तकं एकंदर तीन. पण मोहिमेची तारीख ठरलेली होती, जिल्ह्यात सगळीकडे एकाच दिवशी परीक्षा. गुरुजींना दुसऱ्या गावाला पाठवलं आणि आमच्याकडे पर्यवेक्षक म्हणून गभणेसाहेब आले. त्यांनी पेपर वाटले, घड्याळ पाहिलं, आणि मला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं.

"डोमाजी, तुमचं पुष्कळ ऐकलं आहे," ते म्हणाले. "या पट्ट्यात एक गाव तरी शंभर टक्के दाखवायचं आहे. तुमचं होऊ शकतं. नापास झाले तर हे लोक परत येऊन बसतील असं वाटतं तुम्हाला? लाजेनं येणारच नाहीत. मी सरपंचाकडे चहाला जातो. तासाभरानं येतो. तुम्ही प्रमुख आहात, तुमच्यावर सोडतो."

ते गेले. मी सतरंजीकडे पाहिलं. मला धरून आठ जणांचं होत होतं, बरंवाईट. बाकीचे चौदा जण पेपर मांडीवर घेऊन अडले होते. इस्तारीच्या धोतरावर घामाचा डाग पडला होता. त्यानं वर स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे पेन्सिल टेकवून तसाच थांबला होता.

आमच्याकडे मोठं जाळं दोन्हीकडून ओढतात. एकेका दोराला आठ-दहा माणसं, एकामागे एक. मधल्या कोणाचा हात सुटला, कोणी दमलं, तर सगळ्यांत पुढचा माणूस त्याच्या वाटचा दोर आपल्या कमरेला गुंडाळून घेतो. जाळं थांबत नाही. वाटणीच्या वेळी त्या माणसाला पुरा वाटा मिळतो, आणि त्याचा हात सुटला होता ही गोष्ट पुन्हा कधी कोणी काढत नाही. हा आमचा रिवाज आहे. पंचवीस वर्षं मी दोराचा पुढचा माणूस होतो. त्या दिवशी मला वेगळं काही करतो आहे असं वाटलंच नाही.

मी इस्तारीचा पेपर ओढून घेतला. तो तोंड फिरवून शाळेच्या मैदानाकडे पाहत बसला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. मी भराभर लिहीत गेलो. मनात होतं, की पास झाले म्हणजे तिसरं पुस्तक मिळेल, वर्ग पुढे चालेल, राहिलेलं तेव्हा भरून काढू.

पारबता शेवटी होती. तिनं कोपर आडवं धरलं होतं.

"मी लिवते ना जी," ती म्हणाली.

"वेळ नाई बाई. साहेब येतील."

"येऊ द्या. जेवढं झालं तेवढं झालं."

तिनं तीन ओळी लिहिल्या होत्या. अक्षरं मोठी, वाकडी, एक वर गेलेलं, एक खाली. पहिल्या ओळीत दोन चुका, दुसरीत एक, तिसरी बरोबर. खाली अजून सात प्रश्न होते. मी तिला सांगितलं, की एका माणसामुळे बावीस जणांचं जाईल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कोपर बाजूला केलं. मी रबर घेतलं आणि त्या तिन्ही ओळी पुसून काढल्या. कागदावर वळ राहिले होते, म्हणून मी त्यांच्यावर पेन्सिल जोरात दाबून लिहिलं.

महिन्याभरात शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात पाटी लागली. पूर्ण साक्षर टोला. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना शिक्क्याची प्रमाणपत्रं मिळाली. इस्तारीनं आपलं देवघरात ठेवलं आणि त्याच्या बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं.

चार दिवसांनी शिवणकर गुरुजी सायकलवर आले. मला वाटलं तिसरं पुस्तक आणलं. ते फळा काढायला आले होते. फळा, तक्ते, सतरंजी, सगळं पुढच्या गावाला जाणार होतं. मी विचारलं, आणि आमचा वर्ग?

"साक्षर झालेल्या गावात साक्षरतेचा वर्ग कसा चालवायचा, डोमाजी?"

त्यांनी तक्ता गुंडाळता गुंडाळता खाली ठेवला. व्हरांड्यात आम्ही दोघेच होतो. ते म्हणाले, की त्यांनी ते पेपर ऑफिसात पाहिले आहेत. बावीसपैकी पंधरा पेपरांत 'ळ' ला एकसारखी शेपटी आहे. आणि ती शेपटी त्यांनीच मला शिकवली आहे.

"अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "तुम्ही फक्त खरं सांगा. मी वर लिहितो. पाटी काढावी लागेल, थोडी बोलणी खावी लागतील, मला जास्त. पण वर्ग राहील. डोमाजी, पेपर कोणी लिहिले?"

आदल्याच दिवशी गभणेसाहेबांचा निरोप आला होता. आठ सप्टेंबरला, साक्षरता दिनी, जिल्ह्याच्या गावी मोठा कार्यक्रम. मंत्री येणार. पूर्ण साक्षर गावाचा प्रमुख म्हणून माझा सत्कार होणार. माझ्या बायकोनं शेजारच्या गावात राहणाऱ्या तिच्या भावालाही कळवलं होतं. मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. मिशी आता बऱ्यापैकी आली होती.

"ज्याचे त्यानं लिहिले," मी म्हणालो.

गुरुजींनी फळा सायकलच्या मागे बांधला. मी दोरी ओढून धरली, त्यांनी गाठ मारली. जाताना त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला, पण पुन्हा कधी ते टोल्यात आले नाहीत.

लोकांनी मला विचारलं, की तिसरं पुस्तक कधी? मी सांगितलं, दिवाळीनंतर. पारबतानं विचारलं नाही. ती जुनंच पुस्तक घेऊन दुपारी शाळेच्या पायरीवर बसलेली मला दोनदा दिसली. सत्काराची तयारी होती, भाषण लिहायचं होतं. मी थांबलो नाही.

सोसायटीचा सचिव, हटवार, बाहेरगावचा पगारी माणूस होता. गोड बोलायचा. सत्काराच्या दोन दिवस आधी त्यानं सांगितलं, की नेमकी त्याच दिवशी सभा ठेवावी लागते आहे, तालुक्याचे साहेब तेवढेच मोकळे आहेत. साधीच सभा आहे. मी म्हटलं, मी नसताना? इस्तारी तिथंच बसला होता.

"अबे, मी उपाध्यक्ष कायले हाओ मग?" तो म्हणाला. "तू जाय. शाल घेऊन ये. इकडचं मी पाहून घेतो."

मी गेलो.

मांडव मोठा होता. सत्कार होणाऱ्या आम्हा सगळ्यांना स्टेजवर ओळीनं बसवलं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी नीट चालत गेलो. शाल, नारळ, काचेत बसवलेलं मानपत्र. दोन शब्द बोला म्हणाले. मी खिशातून कागद काढला आणि वाचला, स्वतः लिहिलेला, अर्धं पान, एकदाही न अडखळता. शेवटचं वाक्य होतं, आमच्या टोल्यात आता एकही अंगठा उरलेला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेत एक म्हातारी डोळे पुसत होती. ते खोटं आहे हे मला त्या क्षणी आठवलंही नाही. इतकं मी ते घोकलं होतं.

संध्याकाळच्या आत परतलो. बस थांब्यावर इस्तारी एकटाच उभा होता. तो लांबूनच म्हणाला, आण, पाहू दे शाल. त्यानं ती खांद्यावर घेतली, अंगाला घासून पाहिली, म्हणाला, लोकरीची नाही वाटत. मग सभा ठीक झाली म्हणाला. तालुक्याचे साहेब आले होते. सगळ्यांनी सह्या केल्या. अंगठा एकानंही नाही.

"सह्या?" मी म्हणालो.

"तूच ठरवलं होतं ना? बावीसच्या बावीस झाले का अंगठा सोडायचा. हटवारबाबूंनी आठवण देली. झाले ना बावीस." त्यानं बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "ही नक्कल. तुह्यासाठी मागून घेतली."

मी तो उभ्यानंच वाचला. मग पुन्हा वाचला. इस्तारी माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"मोठ्यानं वाच ना बे," तो म्हणाला.

मी मोठ्यानं वाचला. तलावाचा ठेका सोसायटी चालवू शकत नाही, म्हणून तो पुढील दहा वर्षांसाठी अमुक ठेकेदारास देण्यात येत आहे, सभासद त्याच्याकडे मजुरीनं काम करतील, वरील मजकूर सर्वांनी स्वतः वाचला असून तो मान्य आहे. खाली बावीस जागा. एकवीस सह्या. माझी तेवढी नव्हती.

इस्तारी खाली बसला. शाल त्याच्या खांद्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेलो. सभेला आलेले साहेब चांगले वागले, बसा म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अंगठे असते तर त्यांना वाचून दाखवावंच लागलं असतं. पण हे तर प्रमाणपत्र असलेले लोक. तरी त्यांनी कागद हातोहात फिरवला, प्रत्येकानं पाहिला, मग सही केली. मी म्हणालो, साहेब, त्यांना वाचता येत नाही. परीक्षेचे पेपर मी लिहिले.

त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यात माझा फोटो होता, शाल पांघरलेला.

"हे लिहून द्याल?" ते म्हणाले. "लिहून दिलंत तर फसवणूक तुमची ठरेल, आधी चौकशी तुमची होईल. आणि ठराव तरीही रद्द होणार नाही. सही ती सही. शिकलेल्या माणसाला मला वाचताच येत नव्हतं असं म्हणता येत नाही."

मी लिहून दिलं. त्यांच्याच टेबलावर बसून, त्यांच्याच पेनानं, चांगल्या अक्षरात. पोच घेतली. त्या अर्जाचं उत्तर यायचं आहे. ते साहेब निवृत्त झाले, मग वारले, असं ऐकलं.

टोल्यात मला कोणी शिवी दिली नाही. कोणी माझ्या दाराशी आलं नाही, कोणी टाळलंही नाही. समोर आलो की रामराम घेत. ते जड जाई. मी घरोघरी सांगितलं, की उद्यापासून तीन वाजता वर्ग मी स्वतः घेणार, पहिल्या धड्यापासून. लोक हो म्हणाले. मी कोळशानं शाळेच्या भिंतीचा एक तुकडा काळा केला, फळ्यासारखा, त्या निळ्या पाटीच्या खालीच. तीन दिवस मी तिथं बसलो. कोणी आलं नाही. ठेकेदारानं तीन ते सहा अशी दुसरी पाळी लावली होती. नाही गेलं तर सकाळचं कामही जाई. इस्तारीला त्यानं घेतलंच नाही, म्हातारा म्हणून.

चौथ्या दिवशी पारबता आली. पाळी सुरू व्हायला अवकाश होता. ती पायरीखालीच उभी राहिली, वर आली नाही. पायांना चिखल होता. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

मी तिला विचारलं, जे मला त्या दिवसापासून विचारायचं होतं. साहेबांनी कागद वाचून दाखवू का, असं एकदाही विचारलं नाही का?

"इचारलं ना जी," ती म्हणाली. "कोणाले वाचून पायजे का, म्हणाले. दोनदा इचारलं."

"मग?"

मग तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही. कागद पहिल्या माणसाच्या हातात आला तेव्हा त्यानं तो थोडा वेळ डोळ्यांसमोर धरला, मान हलवली, आणि सही केली. दुसऱ्यानं तेवढाच वेळ धरला. तिसऱ्यानंही तेवढाच. ज्यांना थोडंफार वाचता येत होतं त्यांनाही सरकारी अक्षर लागेना, पण बाकीचे चटचट करत आहेत म्हटल्यावर तेही थांबले नाहीत. हटवार हसत उभा होता. शिकली बाप्पा आमची मंडळी, म्हणत होता.

"म्या हात वर केला होता," पारबता म्हणाली. "अर्धा. वाचून दाखवा म्हणणार होती. इस्तारीबानं माह्याकडे पाह्यलं. हळूच म्हणाले, पारबते, डोमा आत्ता स्टेजवर असंल. आपुन इथं नाई येत म्हटलं, तर तिथं त्याच्या आंगावरची शाल ओढतील. मंग म्या हात खाली घेतला."

मी काळ्या केलेल्या भिंतीकडे पाहिलं.

"सगळ्यायले तेच वाटलं जी," ती म्हणाली. "कोणी बोललं नाई, पण सगळ्यायले तेच."

मग तिनं विचारलं, तो कागद तुमच्याकडे आहे का. होता. खिशातच असायचा. मी तो उलगडून वाचायला लागलो तर तिनं हात पुढे केला. म्हणाली, तुमी नका वाचू.

ती पायरीवर बसली. हात लुगड्याला पुसले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. 'तलाव' हा शब्द तिनं लगेच वाचला. म्हणाली, एवढा मले त्या दिवशीबी आला होता. त्याच्या पुढं जाता आलं नाही, मागचा माणूस कागद मागू लागला.

पुढे 'ठेका' होता. तो तिनं दोनदा म्हणून पाहिला. जोडाक्षर आलं की ती थांबे, मी सांगू का म्हणून वर पाहत नसे, नुसती थांबे. एका ठिकाणी ती इतका वेळ थांबली, की मला वाटलं आता सोडून देईल. 'दहा वर्षांसाठी' असं होतं ते. रफार तिला शिकवलेला नव्हता, तो तिसऱ्या पुस्तकात होता. मी सांगितला. तिनं तो म्हटला, आणि बोट पुढे सरकवलं. ऊन पायरीवरून खाली उतरलं. ठेकेदाराच्या माणसाची शिट्टी ऐकू आली. तिनं मान वर केली नाही. 'स्वतः वाचला असून' हे शब्द तिनं एकेक करून वाचले, आणि मग शेवटचे, 'मान्य आहे'.

तिनं कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. पुन्हा सरळ केला आणि बोटानं ओळी मोजल्या.

"चारच ओळी होत्या जी," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत वाचल्या असत्या म्या."

तिनं कागदाची जुन्याच घडीवर घडी घातली आणि माझ्या हातात दिली. दुसरी शिट्टी झाली होती. ती पदर खोचत तलावाकडे गेली.